पप्पांची गोळी, आईचे गुडघे आणि जर्मनीचं ऑफर लेटर

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज, आमच्या पेठेत बरेच जण अंक वाचतात. मी 34 वर्षांची, कोल्हापुरात शिवाजी पेठेत आई-पप्पांबरोबर राहते, लग्न केलेलं नाही. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग डिझाईनला आहे. आता जर्मनीतून स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीय, पगार चांगला आहे आणि खरं सांगायचं तर असं काम इथं मला कधीच मिळणार नाही, कॉलेजला असल्यापासून डोक्यात होतं. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय.

पप्पा 72 वर्षांचे, हायस्कूलला गणित शिकवायचे, चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. आई 67, तिला शुगर आहे आणि दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशन करायला तयार नाही. भाऊ माझ्यापेक्षा लहान, चाकणला असतो, त्याची दोन पोरं लहान आहेत. दवाखाना, औषधं, बँक, पेन्शन सगळं माझ्याकडंच आहे. मागच्या महिन्यात पप्पा रात्री बाथरूमला जाताना पडले, लागलं नाही फारसं पण आईला उचलता येईना, मला उठवलं.

आईला ऑफरचं सांगितलं तर म्हणाली, "जा तू, मी बघतो की सगळं." पप्पांना सांगितलं तर ते नुसते माझ्याकडं बघत बसले, चेहऱ्यावर काहीच नाही, आणि थोड्या वेळानं उठून आत गेले. त्या दिवसापासून मला झोप नाही. आत्या तर तोंडावरच म्हणाली, "लग्न केलं नाहीस ते ठीक, आता आईबापाला पण टाकून चाललीस काय." वर्षा-दोन वर्षांत तिकडं सेटल झाले की दोघांना घेऊन जायचं असं मनात आहे. ताई, मी स्वार्थी आहे का? स्पष्ट सांगा.

– आर., शिवाजी पेठ

उत्तर : तू वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना. स्वार्थी वगैरे काही नाहीस. पण हे मी म्हटल्यानं तुला झोप लागणार नाही, म्हणून आधी पप्पांच्या त्या चेहऱ्याबद्दल बोलू, कारण माझ्या मते तुझी अर्धी झोप तिथंच गेलीय.

पार्किन्सन्समध्ये हातापायांसारखेच चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. डोळ्यांची उघडझाप कमी होते, हसू लवकर येत नाही, आवाज बारीक आणि एकसुरी होतो, डोक्यात आलेलं तोंडावाटे बाहेर पडायला वेळ लागतो. डॉक्टर लोक याला मास्क फेस म्हणतात. घरच्यांना वाटतं माणूस रुसलाय, नाराज आहे, नाहीतर त्याला आता कशाचंच काही वाटत नाही. आत खूप काही चाललेलं असू शकतं. तू एवढी मोठी बातमी दिलीस, उत्तर जुळवायला त्यांना वेळ लागला असेल, तुझ्या चेहऱ्यावरची घालमेल बघून ते उठून गेले असतील, किंवा खरंच वाईट वाटलं असेल. यातलं काय ते तू त्यांना विचारलेलंच नाहीस, त्यांच्या गप्प बसण्यावरून निकाल लावून मोकळी झालीस.

परत विचार. वेळ बघून विचार, म्हणजे सकाळची गोळी घेऊन तासभर झालेला असतो आणि शरीर जरा मोकळं चालतं तेव्हा. टीव्ही बंद, आई आत, आत्या घरात नाही. एकाच वेळी एकच प्रश्न, आणि मग थांब. मध्ये शब्द सुचवू नकोस, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" असं तर अजिबात नको. आयुष्यभर वर्गात पोरांना फळ्यासमोर उभं करून विचार करायला वेळ दिला असेल त्यांनी, तेवढा त्यांनाही दे. बोलणं फारच जड जात असेल तर वही-पेन दे, अक्षर बारीक येईल पण येईल. आणि दिवसचे दिवस ते खरंच उदास दिसत असतील, जेवणावरून मन उडालेलं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना तेही सांग, कारण या आजारात डिप्रेशन पुष्कळांना येतं आणि त्याच्यावर औषध असतं. म्हातारपणामुळं होतंय म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता आई. मला तुझ्या पत्रात पप्पांपेक्षा तिची जास्त काळजी वाटली.

"मी बघतो की सगळं" हे आपल्याकडच्या बायका इतक्या सहज म्हणतात की ऐकणाऱ्याला त्या "सगळं" मध्ये काय काय येतं ते दिसतच नाही. गोळ्यांच्या वेळा, आंघोळ, शर्टाची बटणं, पोट साफ होत नाही त्याची रोजची कटकट, रात्री कूस बदलायला हात द्यायचा, बाथरूमपर्यंत धरून न्यायचं, आणि हे सगळं स्वतःचे गुडघे गेलेले असताना. मागच्या महिन्यात तिला पप्पांना उचलता आलं नाही आणि तिनं तुला उठवलं. पुढच्या वेळी ती कोणाला उठवणार? उठवायला कोणी नाही म्हणून एकटीच उचलायला जाईल आणि मग दोघंही पडतील, मोडलेलं खुब्याचं हाड तिचं असेल. असं होताना बघितलंय मी, पेशंट राहतो बाजूला आणि सांभाळणारंच आधी अंथरुणाला खिळतं.

तर तुझ्या घरात पेशंट दोन आहेत हे धरून चाल. आईची तीन महिन्यांची शुगरची टेस्ट शेवटची कधी केली, डोळ्यांचा पडदा कधी तपासला, हे तुला पटकन आठवतंय का बघ. आणि तिला "मी जाऊ का" विचारू नकोस, त्याला ती मरेपर्यंत "जा"च म्हणणार. "रात्री किती वेळा उठावं लागतं", "तू अंबाबाईला निवांत शेवटची कधी गेलीस", असं विचार. खरं उत्तर तिथं मिळेल.

जायचं की नाही यावर माझं मत सांगते, तू स्पष्ट सांगा म्हटलंस म्हणून. जा. पण आईच्या जिवावर जाऊ नकोस. तिच्या वाट्याचं जड काम पैसे देऊन दुसऱ्याच्या हातात गेलं, ते खरंच चालतंय हे तू इथं असताना बघितलंस, की मग जा. आणि ते बसवायला वेळ लागतो, म्हणून कंपनीला जॉइनिंग दोन-तीन महिने पुढं ढकलता येईल का विचार. व्हिसाला वेळ लागतो हे तिकडच्या कंपन्यांना माहीत असतं, त्यामुळं विचारण्यात काही गैर नाही, मात्र हे सही करायच्या आधी विचारायचं.

बसवायचं म्हणजे काय ते सांगते. पहिलं हे लक्षात घे की तिकडं फोन वाजल्यापासून तू घराच्या दारात पोचेपर्यंत दीड दिवस धरून चालायचं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिक ते मुंबई आठ-नऊ तासांचं उड्डाण असलं तरी तिकीट मिळणं, एअरपोर्टला जाणं, मग मुंबईहून उजळाईवाडीचं, म्हणजे आपल्या कोल्हापूरचं विमान जुळलं तर ठीक, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस नाहीतर गाडी. म्हणजे तू कितीही जीव टाकलास तरी पहिल्या छत्तीस तासांत तू तिथं नसणार. ते छत्तीस तास कोणाचे, हे नावानिशी ठरायला पाहिजे.

इथं तू नशीबवान आहेस, पेठेत राहतेस. रात्री दोन वाजता हाक मारली तर तालमीची चार पोरं धावत येतील, खुर्चीसकट पप्पांना खाली आणून गाडीत घालतील, दवाखान्यात रात्रभर बाहेर बसतील, रक्त लागलं तर रक्त देतील. हे नव्या कॉलनीतल्या बंगल्यात मिळत नाही. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना आत्ताच भेटून सांग, मी चाललेय, तुमचे नंबर आईच्या फोनवर पहिल्यांदा टाकतेय. घराची एक किल्ली जवळच्या कोणाकडं तरी. 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट असते ते आईला माहीत असू दे. पण तालमीची पोरं रोज सकाळी आठची गोळी द्यायला येणार नाहीत आणि तशी अपेक्षाही करू नये. अडीनडीला धावून येणारी माणसं वेगळी आणि रोजचं रटाळ काम करणारी वेगळी, आपल्याकडं घोळ इथंच होतो, पहिली भरपूर असतात म्हणून दुसऱ्यांची सोयच केली जात नाही.

रोजच्यासाठी माणूस ठेव. पुरुष पेशंट असेल तर उचलायला-आंघोळीला मामा किंवा ब्रदर, म्हणजे पेशंट सांभाळणारा पुरुष माणूस बरा, आईलाही संकोच नाही. अशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून घेतलास तर सुट्टी घेतली की बदली माणूस देतात का ते आधी लिहून घे, कारण दिवाळी आणि गावची जत्रा या दोन वेळी सगळे एकदम जातात. आई म्हणेल, घरात परका माणूस नको, पैसे कशाला घालवतेस. तिथं ठाम रहा. तिला सांग हा माणूस पप्पांसाठी नाही, तुझ्या गुडघ्यांसाठी ठेवलाय. बाथरूममध्ये आडव्या-उभ्या दांड्या, खाली न घसरणारी मॅट, कमोड, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा हे तर या आठवड्यातच करून घे, त्याला जर्मनीचा निर्णय व्हायची वाट कशाला बघायची. उठल्या उठल्या चालू पडू नका म्हणावं, या आजारात उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरतं कधी कधी, दोन मिनिटं कडेला पाय सोडून बसायचं.

गोळीचं एक सांगते कारण कोल्हापुरात हे फार बघायला मिळतं. लेवोडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी दुधाबरोबर घेतात. म्हशीचं घट्ट दूध, वर "ताकद येते". प्रोटीन आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेनं आत शिरतात, त्यामुळं दूध, अंडी, मटण यांच्याबरोबर घेतली की गोळी नीट लागत नाही, आणि घरचे म्हणतात औषधाचा उपयोग होईना. साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवण होऊन तासाभरानं, पाण्याबरोबर. तांबडा-पांढरा रस्सा बंद करायचा नाही, फक्त गोळीच्या वेळेशी गाठ पडू द्यायची नाही. नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि फ्रीजवर मोठ्या अक्षरात लाव. गोळी एकदम बंद झाली तर धोका असतो, म्हणून घरात पंधरा दिवसांचा साठा कायम जास्तीचा.

आणि अजून एक कागद पप्पांच्या फाईलवर लाल पेननं लिहून चिकटव : पार्किन्सन्सचा पेशंट, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये. कॅज्युअल्टीत उलट्या होणाऱ्या पेशंटला सर्रास तेच इंजेक्शन दिलं जातं आणि या आजारात त्यानं माणूस अजून आखडतो. ड्युटीवरचा डॉक्टर नवा असतो, आई घाबरलेली असते, तू तिकडं असतेस. कागद बोलला पाहिजे.

आता सही. पप्पांची सही बारीक होत चाललीय का बघ, होत असणार. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येतात, मग आई रिक्षानं हेलपाटे घालत बसते. पेन्शनचं खातं आईबरोबर जॉइंट आहे का, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं आहे का ते तपास. सही अगदीच जमेना झाली तर बँक अंगठा घेते, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच माणूस असावा लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरला भेटा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही करता येतो, पोस्टमन घरी येऊनही करून देतो, भावाला शिकवून ठेव.

पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल आपल्याकडं मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं एकदा करून ठेवली की पुढं वडिलांना काही समजेनासं झालं तरी चालेल. आपल्या कायद्यात तसं नाही. ज्यानं ती दिली त्याचीच समज गेली की ती पॉवर संपते. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा, हाय कोर्टापर्यंत जावं लागतं, वेळ-पैसा दोन्ही जातात. पार्किन्सन्समध्ये पुढं काही जणांना विसरभोळेपणा, भास हेही होतं. म्हणून जे करायचं ते पप्पांचं डोकं लख्ख असताना : जॉइंट खाती, सगळीकडं नॉमिनी, आणि मृत्युपत्र. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून टाका, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की सही करताना माणूस शुद्धीत होता. शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही याबद्दलही पप्पांना काही सांगायचं असेल तर लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टानं 2018 साली ते मान्य केलं आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. हा विषय काढायला तुझी जीभ रेटणार नाही, ठाऊक आहे. पण रात्री तीन वाजता भावानं तुला जर्मनीत फोन करून "काय करू सांग" म्हणण्यापेक्षा आज पप्पांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

दवाखान्याच्या खर्चाला पप्पांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत ॲडमिट झाल्याचा खर्च, ऑक्टोबर 2024 पासून सुरू आहे, आधीचा आजार असला तरी चालतं. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. आई अजून 67 ची, तिला ते मिळणार नाही, म्हणून तिची पॉलिसी वेगळी बघ, तीही तू जायच्या आधी.

भावाबद्दल. त्याची पोरं लहान, चाकण लांब, मान्य. पण चाकणहून कोल्हापूर हा पाच-सहा तासांचा रस्ता आहे, स्टुटगार्टहून तसं नाही. तू गेल्यावर घरातला जवळचा माणूस तो, मग त्याला तसं म्हणून सांगायला पाहिजे. "तू पण लक्ष दे हं" असं मोघम नको. न्यूरॉलॉजिस्टची दर तीन महिन्यांची व्हिजिट त्याची. महिन्यातून एक शनिवार-रविवार त्याचा, आणि त्या दोन दिवसांत आईनं मावशीकडं नाहीतर बाहेर कुठंतरी जायचं. पैशाचा जास्त भार तू उचल, आणि ते पैसे आईच्या खात्यावर पाठव, मुलीनं आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर त्यांना टॅक्स लागत नाही. वहिनीशी तू स्वतः बोल. भावाचं काम वाढतं म्हणजे घरी तिचंच वाढतं, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. तिला आधी विचारलंस, नंतर आभार मानलेस, तर ती मनापासून करेल, नाहीतर दोन वर्षांनी तोंडं दोन दिशेला होतील. बाहेर राहणाऱ्याला अजून एक खोड असते, इथं येऊन आठ दिवसांत सगळं बदलायचं, हा डॉक्टर का, तो मामा का. इथं रोज जो करतो त्याचा शेवटचा शब्द, हे आत्ताच मनाशी धर.

आता तुझं ते, दोन वर्षांत दोघांना तिकडं नेईन. हे मनातून काढून टाक असं म्हणत नाही, पण सगळं त्याच्या भरवशावर उभं करू नकोस. भेटीला शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. कायमचं न्यायचं तर जर्मनीनं 1 मार्च 2024 पासून तुझ्यासारख्या कुशल कामगारांना आईवडील आणायची वाट उघडलीय, पण त्यांचा सगळा खर्च आणि तिकडचा पुरेसा हेल्थ इन्शुरन्स तू दाखवायचा. पार्किन्सन्सच्या 72 वर्षांच्या माणसाला तो इन्शुरन्स मिळणं हीच खरी अडचण आहे. आणि समजा मिळाला, तर पेठेत हाक मारली की चार माणसं जमणारा माणूस तिथं चौथ्या मजल्यावर, भाषा येत नाही, बाहेर बर्फ, तू दिवसभर कामावर. आईचं काय होईल तिथं, विचार कर. मला वाटतं तुझी ये-जा जास्त होणं हे त्यांचं तिकडं जाण्यापेक्षा खरं आहे.

ये-जा करायची तर रजेचं नीट विचारून घे. तिकडं कायद्यानं आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा, बऱ्याच कंपन्या 30 च्या आसपास देतात, पण रजेचा पूर्ण हक्क सहा महिने झाल्यावर लागतो आणि प्रोबेशनही सहसा तेवढंच असतं. म्हणजे पहिले सहा महिने सगळ्यात अवघड, त्या काळात एकदा अचानक यावं लागलं तर काय, हे मॅनेजरला मोकळेपणानं सांगून ठेव. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना तिकडं मिळतो त्या नोकरीच्या परवान्यावर जात असशील तर बारा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहिलीस तरी कार्ड जात नाही, नोकरीचं काय ते वेगळं, पण म्हणजे परतीचं दार एकदम बंद होत नाही. एका तिकिटाचे पैसे कायम बाजूला असू देत, त्याला हात लावायचा नाही.

फोनची वेळ पण ठरव. तिकडं उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. तू सहाला घरी येशील तेव्हा इथं साडेनऊ-साडेदहा, पप्पांची गोळी उतरलेली, आवाज अजून बारीक, तुला काही ऐकू येणार नाही आणि तू रडत बसशील. तुझ्या सकाळी सातला कर, इथं साडेदहा-साडेअकरा असतात, तेव्हा ते बोलतील. रोज थोडंच बोल, तब्येत हा एकच विषय नको, त्यांना एखादं गणित विचार.

आणि जायच्या आधी एक कर. मामा लागला, दांड्या बसल्या, सगळं झालं की तीन आठवडे घर सोडून चाकणला भावाकडं जाऊन रहा. खरंच जा, मध्ये येऊ नकोस, फोनवरच जे कळेल ते. या तीन आठवड्यांत काय काय अडतं ते तुला दिसेल. गॅस सिलेंडर कोण लावतं, मामा दांडी मारतो तेव्हा काय, आई खोटं बोलते का "सगळं ठीक" म्हणून. सगळं ढासळलं तर तुला महिना हातात आहे. आणि पप्पांना गिळताना ठसका लागायला लागलाय, दर आठवड्याला पडतायत किंवा भास होतायत असं या काळात दिसलं, तर माझं मत बदलेल, मग मी म्हणेन एक वर्ष थांब, ऑफर दुसरी येईल. तसंच गेल्यावर काय झालं तर तू परत येणार, हे आईबरोबर आणि भावाबरोबर आत्ताच ठरव, म्हणजे तेव्हा परत येणं कोणाला हार वाटणार नाही, तुलाही.

आत्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. महिन्यातून दोन दुपारी पप्पांजवळ येऊन बसशील का, आईला जरा बाहेर पडायचंय, असं तिला विचार. हो म्हणाली तर चांगलंच आहे.

प्रश्न : मी 71, बायको 68, नागाळा पार्कात स्वतःचा फ्लॅट आहे. एकच मुलगा, कॅनडात टोरांटोजवळ असतो, गेल्या वर्षी माझी बायपास झाली तेव्हा पंधरा दिवस येऊन गेला, तेव्हापासून मागं लागलाय, फ्लॅट विकून टाका आणि कायमचे इकडं या, नाहीतर फ्लॅट माझ्या नावावर करा मी बघतो. मुलगा वाईट नाही हो, काळजीनंच म्हणतोय. बायको म्हणते मी इथून हलणार नाही. मी मध्ये अडकलोय.

– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : दादा, फ्लॅट विकू नका आणि बक्षीसपत्रही करू नका. मुलगा चांगला आहे म्हणूनच हे शांतपणे सांगता येईल.

कॅनडात तुम्ही बहुतेक सुपर व्हिसावर जाल. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो पाहुण्याचाच व्हिसा आहे, तिकडची सरकारी आरोग्यसेवा त्यावर मिळत नाही. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स स्वतः घ्यावा लागतो, आणि गेल्याच वर्षी बायपास झालीय म्हटल्यावर हृदयाचं काही निघालं तर ती पॉलिसी पैसे देईल का हे मुलाला शब्दन् शब्द वाचायला सांगा. पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा मार्ग वेगळा, तिथं सोडत निघायची, पण 2020 नंतर नवी नावं घेतलेली नाहीत. इथलं घर विकून पाहुण्याच्या व्हिसावर जायचं म्हणजे परत यायला जागाच ठेवायची नाही.

फ्लॅट त्याला द्यायचाच असेल तर मृत्युपत्रानं द्या, तुम्ही दोघं असेपर्यंत तुमचाच राहील. तरीही कधी बक्षीसपत्र करायची वेळ आली तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, अट मोडली तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते रद्द करून घेता येतं. याबद्दल कुठं विचारायचं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

आणि वहिनींचं ऐका. त्यांना इथून का हलायचं नाही ते मुलाला त्यांच्याच तोंडून सांगू दे, तुम्ही मध्यस्थी करू नका. उन्हाळ्यात, डॉक्टर हो म्हणाले तर, दोघं मिळून दोन-तीन महिने जाऊन या, तिकीट परतीचं काढा, नातवंडं असतील तर त्यांनाही बरं वाटेल. तोपर्यंत मुलाला तुमचा इथला कार्डिओलॉजिस्ट, शेजाऱ्यांचे दोन नंबर आणि तुमच्या रिपोर्टचे फोटो पाठवून ठेवा. पंधरा दिवसांत बघून गेलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर अजून आयसीयूच आहे, तुम्ही आता रोज सकाळी चालायला जाता, भाजी आणता, हे त्याला व्हिडिओ कॉलवर रस्त्यात उभं राहून दाखवा.